चार वर्षांची पाहुणी

दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट बघून झाला की डॉक्टर म्हणायचे, तुमच्यासारखे पेशंट असते तर आमचं अर्धं काम कमी झालं असतं. गोळी चुकत नाही, इंजेक्शन चुकत नाही, पालेभाजीकडे ढुंकून बघत नाही. एकदा त्यांनी विचारलंच, हे जमतं कसं हो तुम्हाला? मी म्हटलं, रागावर जमतं. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. माझ्या छातीतली झडप परदेशात बनली होती आणि मुंबईच्या हातांनी ती आत शिवली होती, पण इतकी वर्षं ती चालती राहिली ती माझ्या नवऱ्यामुळे आणि सासूमुळे. त्या दोघांना तसं काही करायचं नव्हतं, हा भाग वेगळा.

लहानपणी माझा घसा सारखा धरायचा. मग गुडघे, घोटे सुजायचे, ताप यायचा. आई हळदीचा लेप लावायची आणि आठवड्याभरात मी पुन्हा उड्या मारायला लागायचे. त्या तापाने आतल्या आत हृदयाची एक झडप आखडत नेली, हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. आम्ही मूळचे पनवेलकडचे आगरी. बाबा सरकारी कचेरीत होते आणि वाशीला नवी वसाहत झाली तेव्हा त्यांना तिथे खोली मिळाली. चारी बाजूंना चिखल, मध्ये नव्या कोऱ्या इमारती, आणि त्यात आम्ही. मी अकरावी झाले आणि जवळच्या शिरवणे गावचं स्थळ आलं. एकुलता एक मुलगा, तिथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात कामाला. सासरे आदल्या वर्षी वारलेले, घरात फक्त सासू. बाबांना वाटलं, थोडी माणसं आहेत, पोर सुखात राहील.

मी राहिले जेमतेम वर्षभर. विहिरीवरून हंडा आणताना मला धाप लागायची, दोनदा टेकावं लागायचं. सासू ओट्यावरून बघायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची की वाशीच्या पोरींना नळ लागतो. मी चिडून आणखी भरभर चालायची. एका दुपारी विहिरीच्या काठावरच मला खोकल्याची उबळ आली, तोंडाला गुलाबी फेस आला आणि मी पडले. हंडाही पडला. गावात आधी चर्चा झाली ती हंडा चेपल्याची.

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात कळलं ते असं, की झडप बदलायला हवी. डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून नीट समजावलं. धातूच्या पिंजऱ्यात एक छोटा गोळा असतो, तो वर-खाली होतो आणि रक्त पुढे जातं. त्या गोळ्याभोवती गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, जन्मभर. त्यामुळे कापलं, खरचटलं तर रक्त लवकर थांबणार नाही. पालेभाजीने त्या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून ती टाळायची. आणि मूल होऊ द्यायचं नाही, त्यात जिवाला धोका. नवऱ्याने विचारलं, जगेल किती? डॉक्टर म्हणाले, काळजी घेतली तर पुष्कळ. नवऱ्याला ते पटलं नसावं, कारण बाहेर येऊन त्याने हाच प्रश्न वॉर्डाच्या दारावरच्या शिपायाला विचारला. शिपाई म्हणाला, चार वर्षं धरून चाला. डॉक्टरांचं एकही वाक्य त्याच्या लक्षात राहिलं नाही, शिपायाचं मात्र काळजावर कोरलं गेलं.

काळजावरून आठवलं. त्या काळात पेपरात कुठे कुठे हृदय बदलल्याच्या बातम्या यायच्या. मेलेल्या माणसाचं काढून जित्याला बसवतात, हे शिरवण्यात सगळ्यांनी ऐकलं होतं. झडप हा शब्द कुणाच्याच तोंडात बसेना. त्यामुळे माझं ऑपरेशन व्हायच्या आधीच गावात पक्कं झालं होतं की सुनेचं काळीज काढणार आणि मयताचं बसवणार. कुणाचं, ते देवाला ठाऊक.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सासू वॉर्डात आली. मी डोळे मिटून पडले होते, आई उशाशी बसली होती. सासूने पिशवीतून एक लुगडं काढून माझ्या पायांशी ठेवलं. हिरवंगार, लाल काठाचं, नवं कोरं, घडी न मोडलेलं. डांबरगोळ्यांचा वास माझ्या नाकापर्यंत आला. आईने विचारलं, हे कशाला? सासू म्हणाली, "सवाष्न जाईल पोर. उगडी नको जायला."

मी एक डोळा किलकिला करून त्या हिरव्या रंगाकडे बघितलं. अजून मला भूल द्यायची होती, छाती उघडायची होती, आणि ही बाई मला सरणावर नेसवायचं लुगडं घेऊन आली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीती वाटत होती ती कुठच्या कुठे गेली. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवर मला नेत होते तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही. मी सासूचं नाव घेतलं, आणि मनात म्हटलं, थांब, तुला दाखवते.

शुद्धीवर आले तेव्हा छातीत काहीतरी वाजत होतं. टक् टक्, टक् टक्. आधी वाटलं भिंतीवरचं घड्याळ. मग लक्षात आलं, मीच वाजते आहे. आईने मला पाणी पाजलं तेव्हा मी पहिली गोष्ट विचारली ती ही, की ते लुगडं कुठे आहे? आई म्हणाली, खाडीत फेकून देणार आहे मी ते. मी म्हटलं, नको. ते माझं आहे, मला लागेल.

हॉस्पिटलातून मला शिरवण्याला कुणी नेलं नाही. नवऱ्याचा निरोप आला की बरं वाटेपर्यंत माहेरी राहू दे. मग निरोप येणंही बंद झालं. मग एका रविवारी गावची पाच माणसं, नवरा आणि सासू असे आमच्या वाशीच्या खोलीत आले. एवढ्या माणसांना बसायला जागा नव्हती, दोघं गॅलरीत उभे राहिले. आईने चहा दिला. त्यातले म्हातारे पंच बाबांना समजुतीने सांगू लागले, की एकुलता मुलगा आहे, वंश बुडायला नको, पोरीचं काही खरं नाही. त्यातून तिच्या आत कुणाचं काळीज आहे हे कुणाला माहीत, गौरी-गणपतीला तिचा हात कसा लागू द्यायचा? तेव्हा चार माणसांत फारकत करून टाकावी. बाबा मान खाली घालून ऐकत होते. बाबांचा तो वाकलेला मानेचा मणका मला दिसला आणि मी आतून बाहेर आले.

मी नवऱ्याकडे बघून विचारलं, "मी चार वर्षांची पाहुणी आहे असं तुम्हीच गावभर सांगता ना?"

तो म्हणाला, "डाक्टरनीच सांगितलान."

"मग थांबा की चार वर्षं. फारकत मी देणार नाही."

खोलीत कुणी बोलेना, आणि त्या शांततेत माझ्या छातीतला आवाज सगळ्यांना ऐकू आला. म्हातारे पंच कपबशी हातात धरून माझ्या पदराकडे बघत राहिले. मी मुद्दाम एक पाऊल पुढे झाले, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाईल. सासूने पदर तोंडाला लावला. त्या दिवशी ते सगळे गेले ते चहा अर्धवट टाकून.

तेव्हापासून माझं काम एकच होतं, मरायचं नाही. लोक जगण्यासाठी काय काय कारणं शोधतात, मुलंबाळं, देवधर्म. मला माझा नवरा पुरेसा होता. मी जिवंत असेपर्यंत त्याला दुसरं लग्न करता येणार नव्हतं, निदान चार माणसांत, हळद लावून, वाजतगाजत तरी नाही. रोज रात्री जेवणानंतर गोळी जिभेवर ठेवली की मला त्याचा चेहरा आठवायचा आणि ती साखरेसारखी लागायची. दर तीन आठवड्यांनी घशाच्या तापाचं इंजेक्शन घ्यावं लागे. ते इतकं दुखायचं की पोरं त्याच्या नुसत्या नावाने रडत. मी हू की चू करत नसे. महिन्याला बसने पूल ओलांडून मुंबईला जायचं, रक्त द्यायचं, बाकावर बसायचं. त्या बाकावर माझ्यासारख्याच वाजणाऱ्या बायका असायच्या. एक जण माझ्या शेजारी नेमाने बसायची, खूप बडबडी. तिला सासरच्यांनी नवरात्रात नऊही दिवस उपास करायला लावला, पोटात अन्न नाही म्हणून गोळीही घेऊ नको म्हणाले. दसऱ्यानंतर ती बाकावर आली नाही. नर्सने सांगितलं, लकवा मारला आणि गेली. तिचं नुसतं वाईट वाटलं नाही, तिचा रागसुद्धा आला. तिने त्यांना जिंकू दिलं होतं.

पुढच्या भाद्रपदात गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आली. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा पूर्वातल्या गौरीलाच होतो. सूप भरून सासरी न्यायचं. त्यात काकडी, फळं, पाच प्रकारची पानं, खण, नारळ, वरून दुसरं सूप झाकायचं आणि दोऱ्याने गुंडाळायचं. ते गौरीपुढे ओवाळायचं, मग घरातल्या मोठ्यांच्या पाया पडून त्यांच्या हाती द्यायचं. लग्नानंतर आलेली पहिली गौर पूर्वात नव्हती, त्यामुळे माझा ओवसा राहिलेला होता. फारकत झालेली नव्हती. म्हणजे त्या घराची सून मीच होते आणि त्या घरातल्या गौरीपुढे सूप हलवायचा हक्क माझाच होता. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्या आलं होतं.

मी ट्रंक उघडली, हिरवं लुगडं काढलं आणि घडी मोडली. मला नऊवारी नीट नेसता येत नव्हतं, आईने रडत रडत नेसवलं. बाबा माझ्याबरोबर शिरवण्याच्या फाट्यापर्यंत आले आणि मी सांगितलं म्हणून तिथेच थांबले. डोक्यावर सूप घेऊन मी गावातून चालत गेले. धाप लागत नव्हती. ज्या विहिरीवर मी पडले होते तिथे बायका पाणी भरत होत्या, त्यांचे हात थांबले.

सासू दारात आली. तिने आधी सूप पाहिलं, मग मला, मग लुगडं. लुगड्यावर तिची नजर अडकली. मी म्हटलं, "ओवसा घेऊन आले." आळीतल्या म्हाताऱ्या जमल्या होत्या. मयताचं काळीज असलेल्या बाईचा हात गौरीला लागू द्यायचा नाही हे सगळ्यांना मान्य होतं. पण सूप घेऊन आलेली सवाष्ण गौरीच्या दिवशी दारातून परत पाठवायची, हे त्यांच्यापैकी कुणाच्या बापजन्मात घडलं नव्हतं. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांच्यातलीच एक म्हणाली, घे गो आत, गौर बघते हाय. सासू बाजूला झाली.

मी तेरड्याच्या गौरीपुढे सूप ओवाळलं. नवरा मागच्या दारातून निघून गेला, त्याच्या पाठीला मी मनसोक्त बघून घेतलं. मग सासूच्या पाया पडले. खाली वाकले तेव्हा टक् टक् आवाज बरोबर तिच्या कानांशी गेला असणार, कारण तिने पाय मागे घेतले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, माझ्या लग्नातही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग सासूने पान वाढलं. गौरीच्या पहिल्या दिवसाचा नैवेद्य म्हणजे भाजी-भाकरी. आणि भाजी म्हणजे पालेभाजी, सगळ्या प्रकारची एकत्र केलेली, हिरवीकंच. सासूने माझ्या ताटात भाजीचा हा एवढा ढीग वाढला. काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघितलं. डॉक्टरांनी पालेभाजीचं सांगितलं तेव्हा ही समोर बसली होती, स्वतःच्या कानांनी तिने ऐकलं होतं. सगळ्या आळीच्या देखत ही मला मारायला निघाली होती. मी भाकरीचा तुकडा मिठाला लावून खाल्ला, भाजीला बोट लावलं नाही आणि उठले. फाट्यावर बाबांना म्हटलं, बाबा, आता मी दरवर्षी येणार.

आणि गेले. ऐंशीचं दशक लागलं. मला बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. सभोवती डोंगर फोडून रस्ते चालले होते आणि आम्ही धुळीत बसून कागद बडवायचो. शिरवण्याची निम्मी जमीन नव्या शहरात गेली. चार वर्षं झाली तेव्हा मी कचेरीत पेढे वाटले. सगळ्यांनी विचारलं, काय गं, कसले? मी सांगितलं, वाढदिवस. दर गौरीला मी रजा टाकायची, हिरवं लुगडं नेसायची आणि सूप घेऊन शिरवण्याला जायची. दर वर्षी सासू ते लुगडं बघायची आणि दर वर्षी माझ्या ताटात ती हिरवी भाजी पडायची. मी ती तशीच ठेवून उठायची. आमचं बोलणं व्हायचं नाही. पोरं दारात जमायची, मयताचं काळीज ऐकायला. मी त्यांना जवळ बोलावून ऐकवायची. एकाने विचारलं, कुनाचा हाय? मी सांगितलं, एका फौजदाराचं. पुढच्या वर्षी माझ्यासाठी ओट्यावर आसन टाकलेलं होतं.

नवऱ्याने थांबायचं तेवढं थांबून एक बाई घरात आणून ठेवली. लग्न नाही, हळद नाही. गौरीच्या दिवशी तिला मागच्या पडवीत उभं राहावं लागायचं, कारण सूप माझं होतं. एका वर्षी ती माझ्यामागे फाट्यापर्यंत आली आणि सोडा की त्याला, असं रडत म्हणाली. मी तिला म्हटलं, त्याला विचार, माझी किती वर्षं उरलीत. तिचा काही गुन्हा नव्हता. पण माझाही नव्हता, आणि माझ्यासाठी कुणी रडत फाट्यापर्यंत आलं नव्हतं.

असं सगळं छान चाललं होतं. आणि एका उन्हाळ्यात नवरा मेला.

कारखान्यातून पाळी करून आला, आईकडे पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावायच्या आत कोसळला. त्याचं स्वतःचं, आईच्या पोटातून आणलेलं, कुणी हात न लावलेलं काळीज बंद पडलं. कचेरीत निरोप आला तेव्हा मला हसू आलं आणि ते मी पदराआड दाबलं. मी गेले. लग्नाची बायको मी, बांगड्या माझ्याच फुटायच्या होत्या. ती दुसरी कोपऱ्यात धाय मोकलून रडत होती आणि मी कोरड्या डोळ्यांनी तिच्या पुढे जाऊन बसले. घरात शांतता झाली की टक् टक् ऐकू यायचं. आळीतल्या दोन बायकांनी माझे हात धरले आणि पाट्यावर आपटायला उचलले. तेवढ्यात सासू मुलाच्या उशाशी बसली होती ती उठली.

"हात लावू नका तिला," ती म्हणाली. "काच लागेल. तिचा रगत थांबत नाय."

बायकांनी हात सोडले. मी माझ्या बांगड्या एक एक करून स्वतःच काढल्या आणि ठेवल्या. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं, की बघा, हिला सगळं आठवतंय. म्हणजे पालेभाजीचंही आठवतंय. माझा संशय होता तो खराच ठरला.

पण राग करायला जोर लागतो आणि तो जोर माझ्यातून निघून गेला. ज्याच्या नाकावर टिच्चून जगत होते त्याला जाळून आले होते. दुसरी बाई तेराव्यानंतर आपल्या गावी निघून गेली. मी कचेरीत जायची, यायची, झोपायची. गोळी एक दिवस विसरले, मग आणखी एक दिवस. मग विसरले म्हणणंही खरं नव्हतं, बाटली समोर असायची आणि मी बघत बसायची. कुणासाठी घ्यायची? पावसाळ्यात एका सकाळी कचेरीचा जिना चढताना मला धाप लागली, आणि लक्षात आलं की छातीतला आवाज नीट येत नाही. टक् अशी स्वच्छ वाजणारी झडप आता कापडात गुंडाळल्यासारखी वाजत होती. डॉक्टरांनी कान लावला आणि ते माझ्यावर ओरडले. तुम्ही? तुम्ही गोळी सोडली? झडपेतल्या गोळ्याभोवती गुठळी धरायला लागली होती. भरती करून घेतलं, सलाईनमधून औषध दिलं. डॉक्टरांनी बजावलं, या वेळी सुटलात, पुन्हा असं केलंत तर आमच्या हातात काही राहणार नाही. मी मान हलवली, पण मला ते माझ्याबद्दल बोलताहेत असं वाटत नव्हतं.

घरी आले तेव्हा गौरी दोन दिवसांवर होती. आई म्हणाली, आता नाही हो जायचं, आता तू सवाष्ण नाहीस. त्या वाक्याने माझं डोकं पुन्हा एकदा भडकलं, फार दिवसांनी. मी सूप भरलं, हिरवं लुगडं नेसले, मोकळ्या हातांनी आणि कोऱ्या कपाळाने निघाले. या खेपेला धाप लागत होती. विहिरीपाशी दोनदा टेकले.

सासू ओट्यावर एकटीच होती. ती फार म्हातारी दिसत होती. शेजारणीकडून गौर आणवून आत बसवली होती, पण घरात चिटपाखरू नव्हतं. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "आता कनाला आयलीस? तुजा नवरा गेला."

"माझा ओवसा आहे," मी म्हटलं. "कुणाला परत पाठवायचं असेल तर पाठवा."

तिने पाठवलं नाही. पाठवायला आळीतलं कुणी जमलंच नव्हतं. मी आत गेले, सूप ओवाळलं. रांडमुंड बाईने गौरीपुढे सूप ओवाळायचं नसतं, तेही मी ओवाळलं. सासूने पान वाढलं, आणि नेहमीप्रमाणे ताटात हिरवी भाजी घातली. आता मात्र मला राहवलं नाही. आता माझं कुणी काय वाकडं करणार होतं? मी म्हटलं, "इतकी वर्षं मला हे विष का वाढत आलात? डॉक्टर बोलले होते तुमच्यासमोर."

तिने भाजीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "सुनेच्या ताटात गौरीची भाजी नाय वाढली तर गाव काय समजंल? ही सून नाय, असाच ना? सगले बघत असायचे. म्हनून वाढली. खा असा कवा बोलले मी तुना?"

मी आठवायला लागले. ती खरंच कधी बोलली नव्हती. एकदाही नाही.

"आनि हा लुगडा," तिने हात पुढे करून माझ्या पदराचा काठ चाचपला, "हा माजा हाय. मना माहेर नाय उरला, मेल्यावर माजेसाठी कोन आननार? म्हनून मीच घेऊन ठेवलेला. मना वाटलेला, मी त्यांच्या आदी जाईन. सवाष्न जाईन. ते आदी गेले. मग ट्रंकेतच राहिला. तू जानार असा सगले बोलले तवा मना वाटला, माजे नाय तर तुजे तरी कामाला येईल. माजेकडं त्याहून चांगला काय पन नव्हता."

डांबरगोळ्यांचा तो वास मला आता कळला. तिच्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू घेऊन ती वॉर्डात आली होती, आणि मी ती तिच्या डोळ्यांसमोर, दर गौरीला, नेसून मिरवत होते. एवढा अचूक सूड मला ठरवूनसुद्धा घेता आला नसता. मी तिच्यावर दया केली असं म्हणणार नाही. बाबांची वाकलेली मान मी विसरले नव्हते, आणि ती फारकत मागायला आली होती हेही खरं होतं. लुगड्याच्या गोष्टीने ते पुसलं जात नाही. तिने ते पुसावं असं मागितलंही नाही. तिने दुसरंच मागितलं.

"आता दोगी पन सवाष्न नाय," ती म्हणाली. "पन मी जाईन तवा हाच लुगडा नेसव मना. गाव काय पन बोलू दे. तू गावाला भीत नाय."

मी ताटातल्या भाजीकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिचे डोळे पाण्याने भरलेले होते आणि हात अजून माझ्या पदराच्या काठावर होता. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप येत होता, की हिने हे इतकी वर्षं तोंडातून काढलं नाही. मी तो काठ तिच्या हातातून सोडवून घेतला.

"मग थांबा," मी म्हटलं. "लुगडं मी अजून नेसते आहे."

तिने लुगड्याकडे एकदा बघितलं. मग तिच्या तोंडाला पडलेल्या सुरकुत्या हलल्या आणि ती पदरात तोंड घालून हसायला लागली. मी तिला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा हसताना बघितलं. किती थांबू, तिने विचारलं. मी म्हटलं, ते मला काय ठाऊक, वॉर्डाच्या दारावरच्या शिपायाला विचारा. तिने माझ्या ताटातली भाजी उचलून आपल्या ताटात घेतली आणि आम्ही जेवलो.

बसमध्ये बसल्यावर मी पदराखाली हात घालून छातीवर ठेवला. माझा नवरा मेला होता, पण मला अजून सासू होती. तिला ते लुगडं हवं होतं आणि ते मी तिला इतक्यात मिळू देणार नव्हते. घरी आले, जेवण आधीच झालेलं होतं, म्हणून आल्या आल्या गोळी घेतली. ऐंशीचं दशक संपलं तेव्हा आम्ही दोघीही होतो, आणि लुगडं माझ्या ट्रंकेत होतं.